विट्याहून समुद्राकडे: पाच मुक्कामांचा आराखडा

आमचे घर विट्यात ज्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, तो रस्ता थेट समुद्राला जाऊन भिडतो. गुहागर-विजापूर महामार्ग असे त्याचे नाव आहे. लहानपणी मैलाच्या दगडावर 'गुहागर' वाचले की मला ते जतच्या पलीकडचे एखादे कोरडे गाव असावे असे वाटे, कारण ज्या खानापूर तालुक्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहत आम्ही वाढलो, तेथून जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला अरबी समुद्र असेल ही कल्पनाच मनाला शिवली नव्हती. येत्या मार्गशीर्षात त्या टोकावरून घरी परतायचे असे आम्ही ठरवले आहे. 'परतायचे' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. जाण्याचा रस्ता वेगळा आहे, आणि त्यामागची कारणे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही याच किनाऱ्याची एक फेरी केली होती आणि ती साफ फसली होती. गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत दोन मुक्कामांत जायचे असे मी मोबाईलच्या नकाशावर बोट फिरवून ठरवले. बोट फिरवायला अर्धे मिनिट लागले. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी हेडवीला रेंगाळल्यामुळे तवसाळच्या धक्क्यावर पोहोचेपर्यंत काळोख पडला होता आणि जयगडला जाणारी शेवटची फेरीबोट निघून गेली होती. पलीकडच्या काठावरचे दिवे स्पष्ट दिसत होते, बोटीने जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचे अंतर होते. पण आम्हाला मागे फिरून भातगावच्या पुलावरून, अनोळखी वळणांच्या रस्त्याने रात्रीतून जावे लागले. मुक्कामी पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि राखून ठेवलेली खोली दुसऱ्या कुटुंबाला देऊन झाली होती. त्या फेरीत आम्ही समुद्र पाहिला तो बहुतेक वेळा अंधारात, म्हणजे खरे तर ऐकलाच. चूक सर्वस्वी माझी होती, आणि आईने ती नंतर वर्षभर पाहुण्यारावळ्यांना रंगवून सांगितली.

त्यावरून मी एक गोष्ट शिकलो. देशावरचे किलोमीटर आणि किनाऱ्यावरचे किलोमीटर यांची जात वेगळी आहे. कराडहून कोल्हापूरला जाताना सत्तर किलोमीटर म्हणजे सव्वा तास असा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला असतो. मालवणहून किनाऱ्याने देवगडला जायचे तर अंतर पन्नासच्या आसपास भरते, पण त्याला दोन तास धरावे लागतात, कारण रस्ता दर काही मैलांवर सड्यावर चढतो, पुन्हा नारळी-पोफळीच्या वाडीत उतरतो, दोन चिऱ्यांच्या गडग्यांमधून एकाच गाडीपुरता उरतो, आणि समोरून एसटी आली की कोणी मागे घ्यायचे याचा निर्णय डोळ्यांनीच होतो. रेवसपासून रेडीपर्यंतच्या या रस्त्याला 'सागरी महामार्ग' म्हणतात. त्यातल्या 'महा' या शब्दावर विसंबून मुक्काम ठरवू नयेत. या वेळी आम्ही दिवसाला शंभर किलोमीटरची मर्यादा घालून घेतली आहे आणि गाडी सकाळी आठ ते दुपारी एक एवढीच चालवायची असे ठरवले आहे.

ही योजना आमच्या दाजींना सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले. विट्याची माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यानिमित्त देशभर विखुरलेली आहेत. दाजींचे दुकान कोइमतूरला आहे आणि जत्रेला येताना ते तिथून एका दमात विट्यापर्यंत गाडी हाकतात. "साठ-सत्तर किलोमीटरला मुक्काम? चालत निघालाय काय पावणं?" असे त्यांनी विचारले. त्यांचे म्हणणे त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. त्यांना घर गाठायचे असते.

दिशेचा प्रश्न आमच्याकडे सर्वांत जास्त वेळ चर्चिला गेला, आणि तो तसा क्षुल्लक नाही. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. उत्तरेकडून दक्षिणेला गेलो तर समुद्र उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या पलीकडे राहतो, आणि डाव्या आसनावर बसलेल्या माणसाला डोंगराची कातळभिंत पाहत बसावे लागते. दक्षिणेकडून उत्तरेला आलो तर समुद्र डाव्या हाताला येतो, गाडी पाण्याच्या बाजूने चालते, आणि कोठे थांबायचे झाले तर रस्ता ओलांडावा लागत नाही. आई पुढे डावीकडे बसते आणि तिचे वय चौऱ्याहत्तर आहे, त्यामुळे निकाल तिथेच लागला. उलट बाजूही आहे. दुपारनंतर पश्चिमेचे ऊन त्याच डाव्या खिडकीतून तिच्या चेहऱ्यावर येणार. पण गाडी एक वाजता थांबवायचीच असल्याने त्याचा त्रास फारसा होऊ नये.

म्हणून आधी खाली मालवणला उतरायचे, किनाऱ्याने वर गुहागरपर्यंत यायचे आणि तेथून कुंभार्ली घाट चढून घर गाठायचे, असा आराखडा तयार झाला. याचा आणखी एक फायदा असा की, शेवटच्या दिवशी, जेव्हा सगळे थकलेले असतात आणि कपड्यांत वाळू असते, तेव्हा कोठेही रस्ता चुकण्याची भीती नाही. गुहागरला ज्या रस्त्यावर चाके लागतील, तोच चिपळूण, कोयनानगर, पाटण, कराड, कडेगाव करीत आमच्या दारापर्यंत येतो.

उतरण्यासाठी घाट कोणता घ्यावा, यावर मात्र घरात दोन मते होती. गगनबावड्याहून करूळ घाटाने उतरणे मला आवडते, पण २०२४ मध्ये हा घाट रस्त्याच्या कामासाठी कित्येक महिने बंद होता, आणि तेव्हा चौकशी न करता गेलेल्या आमच्या एका शेजाऱ्याला गगनबावड्यातून वळून दुसरा घाट धरावा लागला होता. तेव्हापासून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घाट सुरू असल्याची खात्री कोल्हापूरच्या एखाद्या परिचित ट्रकचालकाकडून करून घ्यावी असे माझे मत झाले आहे. या खेपेला आम्ही राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट निवडला. तासगाव, सांगली, कोल्हापूर, मग राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाजवळ डबा उघडायचा, आणि दाजीपूरचे जंगल ओलांडून कणकवलीत उतरायचे. हा पहिला दिवस अडीचशे किलोमीटरांहून जास्त होतो आणि शंभराच्या मर्यादेत बसत नाही. पण तो किनाऱ्याचा दिवस नव्हे, उतरण्याचा दिवस आहे, अशी त्याला आम्ही सूट दिली आहे. पहाटे पाचला निघायचे आणि ऊन कलण्यापूर्वी मालवण गाठायचे.

मालवणला एक नव्हे, दोन रात्री. मागच्या फेरीचा दुसरा धडा हा की, रोज नवी खोली म्हणजे रोज सकाळी बॅगा भरण्यात एक तास जातो आणि रोज संध्याकाळी गिझरचे बटण शोधण्यात अर्धा. शिवाय सिंधुदुर्ग किल्ल्याला अर्धा दिवस तरी दिलाच पाहिजे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, तो हा किल्ला मी शाळेच्या सहलीत पाहिला आहे. त्या वेळी मास्तरांनी तटाची लांबी आणि बुरुजांची संख्या पाठ करून घेतली होती, पण माझ्या लक्षात राहिल्या त्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मधोमध गोडी विहीर, हे दृश्य दुष्काळी तालुक्यातल्या मुलाला तटबंदीपेक्षा मोठे वाटते. या वेळी माझ्या मुलीला त्या दाखवायच्या आहेत, जरी तिचे सगळे लक्ष तारकर्लीला पाण्याखाली जाऊन मासे पाहण्यावर खिळलेले आहे.

आता भरती-ओहोटीविषयी, कारण या सहलीचे वेळापत्रक त्यावरच बेतले आहे. मी मोबाईलवर भरतीच्या वेळा शोधत बसलो होतो तेव्हा आई भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी उभी राहून काहीतरी पुटपुटत होती. "बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन." जुन्या शाळेत पाठ केलेली पाऊणकी ती म्हणत होती. मुंबईला गोदीत काम केलेल्या तिच्या मामांनी तिला लहानपणी शिकवले होते की, तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता. दिवसाही आणि त्यानंतर साधारण बारा-साडेबारा तासांनी रात्रीही. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जुळतो. मालवणकडे भरती मुंबईच्या मानाने थोडी आधी येते, तेवढा फरक धरून मी मोबाईलवरच्या वेळा ताडून पाहिल्या तर फरक फार मोठा नव्हता. समुद्रापासून इतक्या दूर, विट्यातल्या स्वयंपाकघरात उभे राहून कॅलेंडरवरून समुद्राचे पाणी मोजणारी आई पाहून माझी मुलगी अवाक् झाली. तिला पावकी-निमकी हे शब्दच माहीत नव्हते.

या पाऊणकीनेच निघण्याचा दिवस ठरला. हेडवीला दशभुजा गणेशाच्या देवळाच्या खाली, समुद्राकाठच्या खडकात बामणघळ नावाची एक अरुंद चीर आहे. भरतीच्या लाटा त्या चिरेत घुसतात आणि पाणी उसळून उंच उडते. ओहोटीला गेलात तर नुसती भेगाळलेली कातळ दिसते आणि माणसे 'यात काय पाहायचे' म्हणून परत फिरतात. गेल्या वेळी आम्हीही तसेच फिरलो होतो. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो, तेव्हा हेडवीला वद्य प्रतिपदेला पोहोचायचे असे धरले. प्रतिपदेची पाऊणपट पाऊण, म्हणजे भरती दुपारी पाऊणच्या सुमारास. तेथून उलट मोजत आलो तर निघायचे शुद्ध द्वादशीला. आई माळकरी आहे. एकादशीचा उपवास घरी सोडूनच तिला निघता येईल, हाही योग त्यात साधला. मालवणच्या त्रयोदशीला सकाळी भरती आणि दुपारनंतर ओहोटी, त्यामुळे संध्याकाळी तारकर्लीचा किनारा रुंद, ओला आणि चालायला घट्ट असा मिळेल. मात्र बामणघळीच्या कडेवर, भरतीच्या वेळी, शेवाळ धरलेल्या खडकावर उभे राहू नये. लांबूनही ती तितकीच दिसते.

तिथी पाहताना जत्राही पाहून घ्याव्यात. महाशिवरात्रीला कुणकेश्वरला आणि अंगारकीला गणपतीपुळ्याला आयत्या वेळी खोली मागणाऱ्याची कीव करावी लागते. मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तर तिथीवर ठरतच नाही, देवीचा कौल घेऊन तारीख जाहीर होते, आणि ती झाली की आजूबाजूच्या सगळ्या खोल्या मुंबईकर चाकरमान्यांच्या होतात. आमच्या पाच मुक्कामांतली पौर्णिमा दत्तजयंतीची आहे; त्या रात्री आम्ही रत्नागिरीत असू आणि शहर मोठे असल्यामुळे अडचण येऊ नये.

खोल्यांपेक्षाही मला जेवणाची चिंता जास्त होती. किनाऱ्यावरची घरगुती राहण्याची सोय उत्तम असते. पण मालवण म्हणजे सुरमई, बांगडा आणि तिखले, आणि आमच्याकडे आई तुळशीची माळ घातलेली, तर मुलगी मासे खाण्यासाठीच चाललेली. दोघींचे ताट एकाच स्वयंपाकघरातून यायचे. म्हणून प्रत्येक ठिकाणी फोन करताना मी पहिला प्रश्न भाड्याचा न विचारता भांड्यांचा विचारला: शाकाहारी स्वयंपाकाची पातेली वेगळी आहेत का? काहींनी "हो हो, सगळे होईल" असे इतक्या घाईने सांगितले की मी तेथे खोली घेतली नाही. मालवणच्या ज्या घरात आम्ही उतरणार आहोत, तेथील काकूंनी उलट मलाच चार प्रश्न विचारले. आई कांदा-लसूण खातात का, चहा किती वाजता लागतो, जिना चढता येतो का, काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळ्या चालतील का. खोली तिथेच पक्की झाली. कोकणात घरगुती जेवण आयत्या वेळी मिळत नाही हेही लक्षात ठेवावे. दुपारचे सकाळी आणि रात्रीचे दुपारी सांगावे लागते, कारण नारळ तेव्हा खवला जातो.

चौथ्या दिवसाच्या रस्त्यावर मी सर्वांत जास्त वेळ दिला आहे. आधी तिसरा मुक्काम देवगडला धरला होता. खोल्या भरपूर आणि पवनचक्क्यांखालून दिसणारा समुद्रही देखणा. पण वहीत अंतरे मांडली तेव्हा अडचण दिसली. देवगडला थांबलो की दुसऱ्या दिवशी विजयदुर्ग पाहून, जैतापूर, कशेळी, पावस करीत रत्नागिरी गाठावी लागते, आणि तो दिवस शंभराची मर्यादा ओलांडून पार विस्कटतो. विजयदुर्गाला दोन तासांत उरकणे मला मान्य नाही. आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे १७५६ मध्ये पडले, आणि ते पाडण्यासाठी इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांचे सैन्यही होते, ही गोष्ट त्या तटावर बसून मुलीला सावकाश सांगायची आहे, कारण पाठ्यपुस्तकात ती दोन ओळींत संपते. शिवाय विजयदुर्गहून पलीकडचा रत्नागिरी जिल्हा समोर दिसत असला तरी वाघोटनच्या खाडीवरचा पूल आतल्या बाजूला आहे. पडेल कॅन्टीनपर्यंत परत येऊन वळसा घालावाच लागतो. खाड्यांच्या किनाऱ्यावर डोळ्यांना दिसते ते अंतर खरे नसते. तेव्हा तिसरा मुक्काम देवगडहून विजयदुर्गला हलवला. आता तिसऱ्या दिवशी आचरे, मिठबाव, कुणकेश्वर असा निवांत रस्ता होतो आणि चौथा दिवसही आवाक्यात येतो. या पट्ट्यात पेट्रोल पंप विरळ आहेत, त्यामुळे देवगडला टाकी भरून घ्यायची. आणि रोख रक्कम जवळ बाळगायची, कारण वाडीतल्या दुकानात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही.

कशेळीच्या कनकादित्याच्या देवळात आईला थांबायचे आहे, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशीही. रत्नागिरीत टिळकांचे जन्मस्थान आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा वाडा एवढेच घेतले आहे. राज्य गमावलेला राजा १९१६ मध्ये मरेपर्यंत याच गावात, समुद्राकडे पाहत राहिला. तो वाडा मला नेहमीच विषण्ण करतो, तरी पाहावासा वाटतो.

पाचव्या दिवशी आरे-वारेचा रस्ता सकाळी आठलाच घ्यायचा. पुढे गणपतीपुळे, मग मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर, आणि साडेअकरापर्यंत जयगडचा धक्का. फेरीबोटीत गाडी चढवताना घाबरण्यासारखे काही नसते, पण उतार ओला असतो. बाकीच्यांनी आधीच उतरून पायी चढावे. शास्त्री नदीच्या मुखावरून तवसाळला उतरलो की हेडवी दूर नाही, आणि भरती गाठता येते. या खाडीवर पूल बांधण्याचे ठरले आहे. तो झाला की हा सगळा हिशेब जुना होईल, आणि मला त्याचे थोडे वाईट वाटेल, जरी मागच्या खेपेला त्या धक्क्यावर उभे राहून मीच सरकारला पुलासाठी शिव्या घातल्या होत्या.

वेंगुर्ले, शिरोडा आणि रेडी या वेळी सोडून दिले आहेत. सौभाग्यवतींना त्याचे दुःख झाले आणि पुढच्या वर्षीची पाने त्यांनी वहीत आत्ताच राखून ठेवली.

शेवटच्या दिवसाविषयी वहीत फारसे काही लिहिलेले नाही. मुलीला एवढेच दाखवायचे आहे की, कोयनेचे काही पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरून, वीज देऊन, वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीकडे जाते, आणि काही नदीतूनच कराडला कृष्णेला मिळते, टेंभूला उचलले जाते आणि आमच्या शिवारात येते. ही दोन्ही पाणी जिथे एकमेकांकडे पाठ फिरवतात, तेथून आमचा रस्ता जातो.

काल संध्याकाळपर्यंत विजयदुर्गची खोली तेवढी राहिली होती. पहिल्या दोन घरांनी शाकाहारी जेवण जमणार नाही असे स्पष्ट सांगितले, आणि त्यांच्या स्पष्टपणाबद्दल मी त्यांचा आभारी आहे. तिसऱ्या घरातल्या बाईंनी विचार करून सांगते म्हणून फोन ठेवला होता. रात्री नऊला त्यांचा फोन आला. मागच्या पडवीत वेगळी चूल आहे, तिच्यावर आईंचे करून देईन, म्हणाल्या. आणि तुम्ही तासगावकडूनच येणार तर येताना किलोभर बेदाणा आणाल का, असेही विचारले. नवा बेदाणा फेब्रुवारीनंतर येतो, आत्ता गेल्या हंगामाचाच मिळेल, असे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले. "गोड असला म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. वहीत तिसऱ्या मुक्कामापुढे मी त्यांच्या घराचा पत्ता लिहिला आणि पहिल्या दिवसाच्या पानावर, तासगावपुढे, दोन किलो बेदाणा.